अंग कशानं दुखतंय? स्नायूदुखीचं कारण क्रमानं शोधा

पोटरी दुखली की बाम, मान धरली की मालिश, सगळंच अंग ठणकायला लागलं की केमिस्टकडून ‘काहीतरी पेनकिलर’ आणि आठवड्याभरानं ‘डी-थ्री’ची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची पुडी. हे सगळं महिनाभर करून झाल्यावर माणूस डॉक्टरांकडे जातो. तोवर दुखणं नेमकं कधी आणि कुठून सुरू झालं हेच त्याला आठवत नसतं. इथे उपाय दिलेले नाहीत, कारण शोधण्याचा क्रम दिला आहे. टप्पे ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं घ्या. पहिल्याच टप्प्यात काही सापडलं तर पुढचं वाचत बसू नका, दवाखान्यात निघा.

## तयारी: गोळी घेण्याआधीची दहा मिनिटं

कागद, पेन, थर्मामीटर, शिंप्याकडे असते तशी टेप आणि घरातली औषधं समोर घ्या. औषधं म्हणजे फक्त बीपी-शुगरची नव्हेत. केस गळतात म्हणून चालू असलेल्या गोळ्या, जिममधली पावडर, वैद्यांची पुडी, गजकर्णाचा कोर्स, गेल्या महिन्यात संपलेलं अँटिबायोटिक, सगळ्यांच्या स्ट्रिप्स किंवा रिकामे खोके एकत्र करा.

आधी ताप मोजा, मग पॅरासिटामॉल घ्या. उलट केलंत तर ताप झाकला जातो आणि ‘ताप नव्हता’ असं तुम्ही डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता.

आता कागदावर लिहा: कुठे दुखतं (एका बोटानं दाखवता येतं की अख्खा तळहात फिरवावा लागतो), कोणत्या दिवशी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, सोबत आणखी काय होतं, आणि गेल्या पंधरा दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं. हा शेवटचा प्रश्न लोक सगळ्यात घाईत उरकतात. ‘काही नाही हो, नेहमीचंच’ म्हणणाऱ्याला दिवाळीची साफसफाई, घर हलवणं, वरातीत नाचणं, नवीन गादी, रात्रभराचा बसप्रवास असं एकेक नाव घेऊन विचारलं की कुठेतरी ‘हां, ते झालं होतं’ निघतंच.

## टप्पा १: आधी धोका आहे का ते बघा

खालचं काहीही लागू असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीची किंवा अशक्तपणाची तक्रार असेल तर १०८ ला फोन करा.

1. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद. जोरदार व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखताहेत, सुजलेत आणि लघवीचा रंग असा झालाय, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात जात असण्याची शक्यता आहे. पहिल्याच दिवशी शेकड्यानं उठाबशा काढणारे जिमचे नवे सभासद आणि पोलीस भरतीच्या तयारीसाठी अचानक भर उन्हात धावायला लागलेली मुलं यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अशा वेळी पेनकिलर घेतली तर मूत्रपिंडावरचा ताण आणखी वाढतो.
2. एकच पोटरी दुखते, सुजली आहे, हाताला गरम लागते. अलीकडे ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा बसून प्रवास झाला असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.
3. छाती, जबडा, डावा खांदा किंवा पाठीचा वरचा भाग दुखतोय आणि सोबत घाम, धाप किंवा मळमळ आहे. ‘काल पाण्याचा कॅन उचलला होता’ हे स्पष्टीकरण अशा वेळी बाजूला ठेवा.
4. पाय किंवा हात काही तासांत, काही दिवसांत गळत चाललेत. सुरुवात पाठ-पाय दुखण्यानं आणि मुंग्यांनी होऊ शकते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा दूषित पाण्यातल्या जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध जोडला गेला. जुलाब होऊन एक-दोन आठवडे झालेत आणि आता जिना चढवत नाही, तर ते थकव्यावर घालवू नका.
5. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा जांघेच्या आत बधिरपणा. मणक्यातल्या नसांवर दाब आहे, थांबायला वेळ नाही.
6. मार लागल्यावर किंवा प्लास्टर घातल्यावर हात-पाय दगडासारखा कडक झाला आहे आणि जखमेच्या मानानं कळा खूपच जास्त आहेत.

पोटरीचा संशय असेल तर टेप वापरा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली पेनानं खूण करा आणि तिथला घेर मोजा. दोन्ही पायांवर अगदी तस्संच करा, टेप आवळू नका. फरक तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त निघाला तर आजच सोनोग्राफी हवी.

इशारा: गुठळीचा संशय असताना पाय चोळायचा नाही, तेल लावूनही नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मात्र फरक कमी निघाला म्हणून गुठळी नाहीच असंही ठरवू नका.

## टप्पा २: दुखतोय तो स्नायूच का?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

स्नायू असेल तर तीन गोष्टी जुळतात: दाबलं की दुखतं, ताणलं की दुखतं आणि त्या स्नायूनं जोर लावला की दुखतं. मांडीच्या पुढच्या भागाचं उदाहरण घ्या. खुर्चीत बसा, पाय सरळ करायचा प्रयत्न करा आणि घरातल्या कुणाला तरी घोट्यापाशी धरून तो रोखायला सांगा. मांडीत कळ आली तर स्नायू. गुडघ्यातच आली आणि दुसऱ्यानं तुमचा सैल सोडलेला पाय हळू वाकवला तरी तितकीच आली, तर सांधा.

स्नायू नसूनही स्नायूसारखं वाटणारी चार दुखणी अशी:

नस. दुखणं रेघेत जातं, कमरेतून ढुंगणाखालून थेट पायापर्यंत. करंट लागल्यासारखं वाटतं, मुंग्या येतात. खोकलं-शिंकलं की वाढतं.

रक्तवाहिनी. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते. दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की सुटते. पुन्हा साधारण तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. बिडी-सिगारेट किंवा तंबाखू आणि जुना मधुमेह असणाऱ्या माणसात हे दिसलं तर पायाच्या धमन्या तपासायला हव्यात. लोक याला ‘वय झालं’ म्हणतात आणि चालणं कमी करतात. चालणं कमी केलं की दुखणंही कमी होतं, त्यामुळे आजार लपतो.

मणका. हेही चालताना दुखतं, पण नुसतं उभं राहून सुटत नाही. बसावं लागतं किंवा पुढं वाकावं लागतं. सायकलवर पुढं झुकून त्रास नाही आणि ताठ चालताना आहे, तर पायापेक्षा कंबर दाखवा.

नागीण. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, कपडा लागला तरी सहन होत नाही, पण वर काहीच दिसत नाही. एक ते पाच दिवसांनी बारीक फोड येतात. तोपर्यंत ‘उसण भरली’ म्हणून शेक, बाम, मालिश सगळं झालेलं असतं. विषाणूवरच्या गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात उपयोगी पडतात, म्हणून एकतर्फी आगीच्या जागी रोज सकाळी उजेडात कातडी बघा. पाठीवर असेल तर दुसऱ्याला बघायला सांगा.

## टप्पा ३: दुखतंय की ताकद गेली आहे?

‘उठवत नाही’ याचे दोन अर्थ होतात. दुखतं म्हणून उठवत नाही, आणि दुखणं सहन करायची तयारी असूनही पाय उचलत नाही. दुसरा अर्थ जास्त गंभीर.

1. जमिनीवर मांडी घाला आणि हात न टेकता उठा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर खुर्चीतून, हात छातीशी बांधून.
2. कठडा न धरता जिन्याच्या चार पायऱ्या चढा.
3. वरच्या फळीवरचा डबा दोन्ही हातांनी उतरवा, किंवा केस विंचरताना हात मध्येच खाली येतो का बघा.

महिन्याभरापूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही, तर ‘दुखतं’ या शब्दानं डॉक्टरांशी बोलायला सुरुवात करू नका. ‘ताकद कमी झाली’ असं सांगा. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉइड मंदावणं, पोटॅशियम घटणं, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स आणि स्नायूंना आलेली सूज ही कारणं या वाटेनं सापडतात. नाव नसलेल्या पुडीनं सांधेदुखी ‘चमत्कारानं’ थांबली असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्याच. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालली असेल तर ती स्वतःहून एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ४: पंधरा दिवसांची नोंद वाचा

ताप नाही, धोक्याचं काही नाही, ताकद शाबूत आहे. मग बहुतेकदा उत्तर तुमच्याच कागदावर असतं.

नवा किंवा जादा व्यायाम. कळसूबाई चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरवत नाही तो कळसूबाई उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिची दाहक प्रतिक्रिया नंतर जाणवते. दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत शिगेला जातं आणि आठवड्याभरात जातं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, मसाज करून काढून टाका’ हे जिममध्ये अजून ऐकू येतं. ते ॲसिड व्यायामानंतर तासाभरातच निघून गेलेलं असतं, दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याच्या माथी मारता येत नाही.

पडताळा: चौथ्या दिवशी दुखणं पहिल्या तीन दिवसांपेक्षा कमी आहे का? लघवीचा रंग नेहमीचा आहे का? दोन्हीला ‘हो’ असेल तर हलकं चालत राहा. एकालाही ‘नाही’ असेल तर टप्पा १ वर परत या.

लचक किंवा फाटणं. हे सुरू झाल्याचा क्षण सांगता येतो: बस पकडायला धावलो आणि पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. जागा बोटानं दाखवता येते, एक-दोन दिवसांत काळंनिळं होतं. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, गरम शेकायचं नाही. टाचेच्या वर, पोटरी संपते तिथे असा फटका बसला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर मोठा स्नायुबंध तुटलेला असू शकतो.

बसण्याची सवय. मान आणि खांद्यामधला स्नायू, दिवसअखेर वाढणारं दुखणं, सुट्टीत कमी. दाबल्यावर एका ठिकाणी गाठीसारखं लागतं आणि कळ डोक्यापर्यंत जाते. लॅपटॉप, मोबाइल, शिलाई मशीन, बाइक. फार शोधाशोध नको, दोन आठवडे दर अर्ध्या तासानं उठून बघा.

रात्री पोटरीत गोळा येणं. मिनिटभर दगड होतो, मग सुटतो, मागे दुखरेपणा उरतो. त्या वेळी गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढा. ‘कॅल्शियम कमी झालं’ हा घरगुती निर्णय बहुतेकदा चुकतो. गरोदरपण, उन्हातलं काम आणि घाम, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार हे आधी बघा. पुष्कळांत काहीच सापडत नाही आणि झोपण्यापूर्वी पोटरी ताणण्याची सवय पुरते.

## टप्पा ५: सोबत ताप असेल तर

ताप आणि अंगदुखी एकत्र आली की प्रश्न बदलतो. स्नायू बाजूला ठेवा, संसर्ग शोधा.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे आणि पाठीत ठणकतं. चिकुनगुन्यात सांधे जास्त धरतात, मनगट आणि घोटे सुजतात. फ्लूमध्ये खोकला-घसा सोबत असतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात एक वेगळा प्रश्न विचारायलाच हवा: पुराच्या, गटाराच्या किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यातून चाललात का? लेप्टोस्पायरोसिसमध्ये बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या हात लावू देत नाहीत आणि डोळे लाल होतात, पण त्यात चिपडं नसतात. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईनं हा आजार मोठ्या प्रमाणात पाहिला. संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. तुम्ही फक्त पाण्याची गोष्ट स्वतःहून सांगा. विचारलं जाईलच असं नाही.

इशारा: डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मिश्रणं नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. केमिस्टनं दिलेल्या सुट्या गोळ्यांत काय आहे ते कळत नाही, म्हणून नाव छापलेला तुकडा मागून घ्या.

शाळकरी मुलाचा फ्लू उतरत आलाय आणि एका सकाळी ते पोटऱ्या दुखतात म्हणून चालायलाच तयार नाही, चाललं तरी टाचा न टेकता, हे दृश्य आईवडिलांना हादरवतं. बहुतेकदा ही विषाणूनंतरची स्नायूंची तात्पुरती सूज असते आणि आठवड्याभरात जाते. तरी डॉक्टरांना दाखवा, लघवीचा रंग बघा आणि पायात खरोखर ताकद आहे ना याची खात्री करून घ्या.

## टप्पा ६: औषधांची पिशवी उघडा

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे, यांचं दुखणं साधारण असं असतं: दोन्ही मांड्या, नितंब किंवा पोटऱ्या, दोन्ही बाजूंना सारखं, गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत. एकाच खांद्यात दुखत असेल तर गोळीला दोष देऊ नका. मोठ्या चाचण्यांत खरी गोळी घेणारे आणि तशीच दिसणारी खोटी गोळी घेणारे यांची तुलना झाली, तेव्हा स्नायूदुखीच्या ९० टक्क्यांहून अधिक तक्रारींचं कारण गोळी नव्हतं असं दिसलं. तरी काहींत ती खरंच कारण असते. म्हणून तारखा जुळवा: गोळी कधी सुरू, दुखणं कधी सुरू.

दुसरं औषध आलं का, हेही बघा. गजकर्णासाठी महिना-महिना चालणारं इट्राकोनॅझोल किंवा छातीच्या संसर्गासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन ॲटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतं. त्वचेच्या डॉक्टरांना तुमची हृदयाची गोळी ठाऊक नसते आणि हृदयाच्या डॉक्टरांना गजकर्ण. दोन्ही कागद एकत्र फक्त तुमच्याकडे असतात.

इशारा: ॲटॅक किंवा स्टेंटनंतरची ही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डोस, प्रकार किंवा दिवस बदलून बघण्याचे मार्ग डॉक्टरांकडे असतात.

## टप्पा ७: तपासण्या, आता

इथवर आल्यावर रक्त द्या, त्याआधी नाही. ‘फुल बॉडी पॅकेज’मधून साठ आकडे येतात आणि त्यातला एखादा लाल दिसला की माणूस त्याच्याच मागे लागतो.

1. सीपीके. हे स्नायूंमधलं एक एन्झाइम, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं. पण आदल्या दोन-चार दिवसांतला जोरदार व्यायाम किंवा दंड-कमरेत घेतलेलं इंजेक्शनही ते वाढवतं. दुखतं म्हणून आधी इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशी सीपीके, हा उलटा क्रम सर्रास होतो. घेतलंच असेल तर सांगा.
2. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन काही यंत्रांवर हा आकडा चुकवतं. निदान दोन दिवस आधी बंद ठेवा.
3. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, सीबीसी, ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का ते सुचवणारी तपासणी). यातलं काय हवं ते डॉक्टर ठरवतील.

ड जीवनसत्त्व दर मिलिलीटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी निघणं आपल्याकडे इतकं सरसकट आहे की ते सापडलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. टप्पा ३ मधला अशक्तपणा, हाडांवर दाबलं की दुखणं, हे जुळत असेल तर वजन द्या.

इशारा: ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेणारे आणि वर्षभर चालू ठेवणारे दोघंही भेटतात. कॅल्शियम चढून उलट्या, तहान, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडाला इजा होते. शेवटच्या पुडीची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा.

## टप्पा ८: तीन महिने झाले, तरी कारण सापडलेलं नाही

पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि कमरेभोवतीचा भाग सकाळी पाऊण तासाहून जास्त जखडतो आणि ईएसआर चढलेला आहे, तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. त्यात कानशिलात नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा धूसर दिसणं आलं तर त्याच दिवशी जा, दृष्टीचा प्रश्न आहे.

याउलट दुखणं अंगभर फिरतं, आठ तास झोपूनही सकाळी थकवा तसाच, लक्ष लागत नाही, सगळे आकडे ठीक, तर फायब्रोमायल्जियाचा विचार होतो. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात, हे चूक आहे. यात वेदना जाणवण्याची यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते आणि ती रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. इथे पेनकिलरचा उपयोग फार कमी होतो. झोप सुधारणं आणि अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलेलं चालणं जास्त काम करतं. चांगला दिवस आला म्हणून सगळं घर एकदम आवरायला काढायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही यातली नेहमीची चूक. बरं वाटणाऱ्या दिवशीही काल चाललात तेवढंच चाला.